वाफेची वाट

आईने दुपटं गालाला लावलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "हे वाळलेलं नाही गं. उकडलंय."

जानेवारी होता. मिनिआपोलिसच्या एका उपनगरात आमचं घर. बाहेर उणे वीस आणि घरात पाच आठवड्यांची मुलगी. आई माझ्या बाळंतपणासाठी राजापूरहून आली होती. ड्रायरमधून नुकतीच काढलेली दुपटी, लंगोट, झबली मी पलंगावर ओतली होती आणि हाताला सगळं छान गरम लागत होतं. गरम आहे म्हणजे वाळलं, अशी माझी समजूत. आई कपडा कधी हाताने बघत नाही. ती तो गालाला लावते, नाहीतर वरच्या ओठाला. कामाने राठ झालेल्या हाताला ऊब कळते, ओल कळत नाही, असं तिचं म्हणणं. मी घडी उलगडली तर आतून खरंच वाफेचा भपकारा आला, आणि दोन मिनिटांत ते दुपटं हातातच गार, दमट होऊन गेलं.

दिवाळीपासून हे चाललं होतं. पूर्वी पाऊण तासात वाळणारी कपड्यांची खेप तास घ्यायला लागली, मग दीड तास, मग ड्रायर दोनदा लावायची पाळी आली. तेव्हा दिवस भरत आले होते, ऑफिसची कामं आवरायची होती. पुन्हा बटण दाबणं त्यातल्या त्यात सोपं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला एकदा ड्रम तासभर फिरला आणि कपडे जसे घातले तसे गारढोण बाहेर आले, तेव्हा कारागीर बोलावला. त्याने मशीनची पाठ उघडली, हीटरच्या पेटीवरचा पेराएवढा थर्मल फ्यूज काढून मीटर लावून दाखवला, नवा बसवला आणि वीस मिनिटांत पैसे घेऊन गेला. फ्यूज का उडाला ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. घरातला साधा फ्यूज वीज जास्त ओढली गेली की उडतो; हा उष्णतेने उडतो. पेटी प्रमाणाबाहेर तापली की तो कायमचा तुटतो, घराला आग लागू नये म्हणून. उडालेला फ्यूज हा निरोप होता. आम्ही निरोप्या बदलला आणि निरोप ऐकलाच नाही. तीन आठवड्यांत कपडे पुन्हा ओले निघायला लागले, या वेळी गरम आणि ओले.

"ड्रायर वाळवत नाही" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात. कपडे गार आणि ओले निघाले तर प्रश्न उष्णतेचा. इकडच्या विजेच्या ड्रायरला २४० व्होल्ट लागतात आणि ते १२०-१२० च्या दोन तारा मिळून पुरवतात. ड्रम फिरवणारी मोटर एका तारेवर भागवते, हीटरला मात्र दोन्ही लागतात. त्यामुळे ब्रेकरची दुसरी बाजू गेली तरी ड्रम फिरतो, आतला दिवा लागतो, सगळं सुरळीत दिसतं आणि कपडे ओलेच राहतात. ब्रेकर ठीक असेल तर मग फ्यूज, थर्मोस्टॅट, हीटरची तुटलेली तार असं एकेक बघत जायचं. पण कपडे गरम आणि ओले निघाले, तर हीटरने आपलं काम केलेलं असतं. तेव्हा वाऱ्याकडे बघायचं. आईच्या त्या एका शब्दात हे सगळं आलं होतं. मला तो शब्द कळायला आणखी चार दिवस लागले.

खरं तर मला तो लगेच कळायला हवा होता, कारण तो मी पूर्वी ऐकला होता. माझ्या माहेरच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत आमच्या पडवीतली वलणी कधी रिकामी नसायची. हवा उबदार असते, पण तिच्यात पाणी ठासून भरलेलं. कपड्यातली ओल तिने घ्यावी तरी कशी? सुती चादर चार-चार दिवस लोंबकळत राहायची आणि तिला कुबट वास यायला लागला की आई ती पुन्हा धुवायची. शाळेचे गणवेश चुलीवर बांधलेल्या बांबूच्या दांडीवर जायचे. जुलैत अख्ख्या वर्गाला धुराचा वास यायचा आणि तो कुणालाच जाणवायचा नाही.

माझा धाकटा भाऊ अशाच एका जुलैत जन्मला. त्याची दुपटी वाळवायची आईची पद्धत माझ्या डोळ्यांपुढे आजही जशीच्या तशी आहे. घमेल्यात राखेवर निखारे, त्यावर वेताची मोठी टोपली उपडी, आणि टोपलीच्या पाठीवर एकेक दुपटं पसरलेलं. टोपलीच्या काठाखाली एका बाजूला ती नदीतला एक चपटा गोटा सारायची, म्हणजे काठ चार बोटं वर उचललेला राहायचा. वरच्या दुपट्यांतही ती मध्ये मध्ये फट सोडायची. मी सात वर्षांची होते. मला वाटलं, त्या फटीतून ऊब वाया जाते आहे. एका दुपारी मी गोटा काढून घेतला आणि फटी बुजवून दुपटी नीट एकाला एक भिडवून ठेवली. आईने येऊन वरचं दुपटं उचललं, गालाला लावलं आणि गोटा परत होता तिथे सरकवला. "वाफ जाणार कुठून? असे कपडे वाळत नाहीत, उकडतात."

मोठी होऊन मी अभियांत्रिकी शिकले आणि याच गोष्टीचे आकडे मला मिळाले. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेचं सुमारे दोन-तृतीयांश युनिट. धुलाई यंत्रातून पिळून निघालेल्या मोठ्या खेपेत तीन किलो पाणी सहज असतं. आता ही वाफ न्यायची कोणी? वीस अंशांची हवा फार तर घनमीटरमागे १७ ग्रॅम वाफ धरते. तीच हवा साठ अंशांपर्यंत तापवली तर १३० ग्रॅम धरते. उष्णता हवेची झोळी मोठी करते, एवढंच. झोळी भरली की ती हवा घराबाहेर गेली पाहिजे आणि तिच्या जागी दुसरी आली पाहिजे. नाही गेली, तर भरलेली झोळी त्याच कपड्यांभोवती फिरत राहते. ड्रमही लवकर तापतो, कारण उष्णतेलाही जायला जागा नसते. थर्मोस्टॅट ते बघून हीटर बंद करतो, थोड्या वेळाने चालू करतो, पुन्हा बंद करतो, आणि घड्याळ पुढे सरकत राहतं. हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी चार दिवस ड्रायरच्या पुढ्यात बसून ड्रायरच तपासत होते.

कपड्यांची लव अडते ती लिंटची जाळी आधी पाहिली. ती मी दर खेपेला साफ करायचे, पण नळाखाली धरली तर पाणी तिच्यावर साचून राहिलं, पलीकडे गेलंच नाही. कपडे मऊ व्हावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायचे ते सुगंधी कागद मिळतात, त्यांचा मेणचट थर जाळीवर बसलेला होता. डोळ्यांना जाळी स्वच्छ दिसत होती आणि वाऱ्यासाठी निम्मी बंद होती. दात घासायचा जुना ब्रश आणि भांड्यांचा साबण घेऊन ती घासली, तेव्हा पाणी सरळ खाली पडलं. ड्रममधल्या ओल मोजणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्या स्पिरिटने पुसल्या. कपडे कमी घातले. वेळ सव्वा तासावर आला, त्याहून खाली येईना. नवरा म्हणाला, मशीन अकरा वर्षांचं झालं, नवीन घेऊ. मलाही ते पटायला लागलं होतं.

त्या दिवसांत आई सकाळी बाळाला मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायची. बाहेर बघण्यासारखं फारसं नसतं: बर्फ, पानं झडलेली झाडं, ओळीने घरांच्या पाठी. चौथ्या दिवशी, मी ड्रायर लावून वर आले तेव्हा तिने विचारलं, "या सगळ्यांच्या भिंतीतून धूर येतो, आपल्या भिंतीतून का येत नाही?"

मी खिडकीशी गेले. शनिवार होता, सगळ्यांचा कपड्यांचा दिवस. शेजारच्या घराच्या पाठभिंतीतून, जमिनीपासून हातभर उंचीवर, पांढरा लोट बाहेर पडून बर्फावर लोळत होता. त्याच्या पलीकडच्या घरातूनही. उणे वीसमध्ये ड्रायरची हवा बाहेर आली की तिच्यातल्या वाफेचं जागच्या जागी धुकं होतं; इथल्या हिवाळ्यात कोणाचा ड्रायर चालू आहे ते रस्त्यावरून कळतं. दहा वर्षं मी हे लोट बघत होते. आमच्या भिंतीतून त्या क्षणी काहीच येत नव्हतं, आणि खाली ड्रायर गरगरत होता.

नवरा बूट चढवून, गुडघाभर बर्फातून मागच्या बाजूला गेला. भिंतीतल्या भोकावरच्या झडपेचा एक कान तुटलेला होता. फटीत बर्फाची कड धरली होती आणि त्या कडेखालून गवताच्या काड्या डोकावत होत्या. गरम पाण्याने बर्फ सोडवून त्याने हात घातला आणि ओंजळभर घरटं बाहेर काढलं, मग आणखी एक ओंजळ. आत वाळलेलं गवत, पिसं, निळ्या प्लॅस्टिकच्या दोरीचे धागे, आणि सगळ्याला धरून ठेवणारी राखाडी लव, आमच्याच कपड्यांची. माझ्या मोरपंखी कुडत्याचा रंग त्यात ओळखू आला. पिल्लं केव्हाच उडून गेलेली, घरटं मागच्या उन्हाळ्यातलं. आईने ते परातीत ठेवून घेतलं आणि एक पीस उचलून उजेडात धरलं. "चिमणीचं आहे. आपल्या चिमणीचं."

तिचं बरोबर होतं. इथल्या घरांच्या वळचणीला राहते ती चिमणी मूळची अमेरिकेची नाहीच. १८५० च्या सुमाराला ब्रुकलिनमध्ये ती मुद्दाम आणून सोडली आणि तिथून ती खंडभर पसरली. आमच्या राजापूरच्या घरात आरशावर चोच मारत बसायची तीच ही जात. उबदार भोक दिसलं आणि तिने घर मांडलं. त्यात तिची काहीच चूक नव्हती. तुटलेली झडप आम्ही वेळेवर बदलायला हवी होती.

पुढचं काम शेजारच्या आजोबांच्या मदतीने झालं. त्यांच्याकडे ड्रिलला लावायचा लांब ब्रश होता, एकात एक फिरवून जोडायच्या लवचीक कांड्यांचा. ब्रश देताना त्यांनी दोनदा बजावलं: ड्रिल उलटं फिरवू नका, कांड्यांचे आटे आतल्या आत सुटतात आणि ब्रश भिंतीतच राहतो. नवऱ्याने बाहेरून ब्रश घातला, मी तळघरात दुसऱ्या टोकाला पिशवी धरून बसले. आधी भुगा आला, मग गोळे, मग ब्रशने काहीतरी ढकलत आणलं आणि नळीच्या आतल्या मापाचा, हातभर लांबीचा, राखाडी नमद्याचा एक दट्ट्याच पिशवीत पडला. तो इतका हलका होता की वजन जाणवलं नाही. मी त्यातला चिमूटभर तुकडा सिंकमध्ये ठेवून काडी लावली. कापूर पेटावा तसा तो पेटला आणि काडी विझायच्या आत संपला.

मी तशीच काही वेळ तिथे उभी राहिले. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा आढावा घेतला तेव्हा घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० भरल्या होत्या, आणि कारणांत सगळ्यात वरचं कारण होतं, साफ न करणं. हा आकडा मी पूर्वी कुठेतरी वाचला होता आणि विसरले होते. आम्ही रात्री झोपताना ड्रायर लावायचो. त्याच्या बरोब्बर वरच्या खोलीत पाळणा होता. त्या दिवसापासून आमच्या घरात ड्रायर लावून कोणी झोपत नाही, आणि लावून बाहेरही जात नाही.

नळी तपासली तेव्हा मूळ दुखणं आणखी मागे निघालं. मशीनच्या पाठीशी चांदीच्या कागदासारखी, पंख्यासारखी मिटणारी नळी होती. मशीन भिंतीला रेटल्यामुळे ती चेपून चपटी झालेली, आणि तिच्या प्रत्येक सुरकुतीत लव अडकलेली. तिथून पुढे पत्र्याची चार इंची नळी तळघराच्या छताला धरून सव्वीस फूट जात होती, वाटेत चार कोपरे. इथल्या घरबांधणीच्या नमुना नियमांत ही वाट साधारण पस्तीस फुटांच्या आत असावी लागते आणि प्रत्येक काटकोनी कोपऱ्यामागे पाच फूट वजा करायचे असतात. आमचा हिशेब शेहेचाळीसवर गेला. घर बांधणाऱ्याने कपडे धुण्याची जागा घराच्या मधोमध दिली, ती नकाशात सोयीची दिसली असेल. वाफेला किती वळणं घेऊन बाहेर जावं लागेल हे कोणी मोजलं नाही. पुढच्या शनिवारी आम्ही मशीन तळघराच्या बाहेरच्या भिंतीशी हलवलं. ताठ पत्र्याची नळी, एकच कोपरा, नऊ फूट. सांध्यांना स्क्रू मारले नाहीत, कारण आत आलेल्या टोकांवर लव अडकते; धातूची चिकटपट्टी लावली. नवी झडप बसवली.

पहिल्या खेपेत दुपटीच घातली. आई शाल गुंडाळून, माझे बूट घालून मागच्या दाराने बाहेर गेली. बाळाला घेऊन मी खिडकीशी उभी. आधी झडपेच्या तीन पात्या थरथरल्या, मग आडव्या झाल्या, आणि पांढरा लोट एकदम बाहेर आला, इतका की आई दिसेनाशी झाली. लोट विरळ झाला तेव्हा ती दोन्ही तळवे झडपेसमोर धरून उभी होती, शेगडीसमोर बसावं तशी. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नाही, बाळाला ओव्या-वेखंडाची धुरी नाही, धूर झाला की छताला लावलेली घंटा किंचाळते, ही तिची आल्यापासूनची हळहळ होती. बराच वेळ ती तिथून हलली नाही. अडतीस मिनिटांनी ड्रायर थांबला. दुपटं गालाला लावून तिने मान डोलावली आणि पुढचं उचललं.

त्या आठवड्यात मी तिला वाचून दाखवलं की इकडे १८९२ साली जॉर्ज सॅम्पसन नावाच्या माणसाने कपडे वाळवायच्या साधनाचं पेटंट घेतलं, आणि ते म्हणजे शेगडीजवळ कपडे टांगायची चौकट होती. "म्हणजे चुलीवरची दांडी," आई म्हणाली. मग आमच्या शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या जे. रॉस मूरची गोष्ट. तिथल्या हिवाळ्यात बाहेर कपडे वाळत घालायचे म्हणजे कपड्यांसोबत बोटंही गोठायची, म्हणून त्याने शेडमध्ये शेगडीवर फिरणाऱ्या पिंपाचा खटाटोप सुरू केला. त्यातून पुढे १९३८ मध्ये विस्कॉन्सिनच्या टू रिव्हर्स गावातल्या हॅमिल्टन कंपनीने विजेचा ड्रायर बाजारात आणला. त्याचं नाव ठेवलं 'जून डे', जूनचा दिवस.

आईने वाती वळायच्या थांबवल्या. "जून कशाला? जूनमध्ये कपडे वाळायचे बंद होतात."

इकडचा जून लख्ख उन्हाचा आणि वाऱ्याचा असतो, हे मला तिला समजावून सांगावं लागलं. सांगताना लक्षात आलं की इतकी वर्षं इथे काढूनही जून म्हटला की माझ्या मनात आधी छत्रीच उघडते.

तिची स्वतःची लुगडी तिने एकदाही ड्रायरमध्ये घातली नाहीत. तळघरात दोन खांबांना दोरी बांधून घेतली आणि रात्री धुतलेलं लुगडं त्यावर पसरायची. सकाळी ते कडकडीत वाळलेलं असायचं. गोठलेली हवा आत घेऊन तापवली की ती विलक्षण कोरडी होते, आमच्या ओठांना त्या दिवसांत भेगा पडतात. "इथल्या हवेला तहान आहे," आई म्हणायची, आणि बाळाच्या खोलीतही एक ओला पंचा टांगून ठेवायची. मागच्या अंगणात दोरी बांधायची मात्र सोय नव्हती. आमच्या वसाहतीच्या नियमावलीत कपडे बाहेर दिसू नयेत असं लिहिलेलं आहे. अशा मनाईविरुद्ध लोक झगडले आहेत. फ्लोरिडा, मेन, व्हरमाँट अशा काही राज्यांनी उन्हात कपडे वाळत घालायचा हक्क कायद्याने दिला. हक्क म्हणून मागावं लागतं ते काय, तर दोरी आणि ऊन. हे आईला मी सांगितलं नाही. तिला ते खरं वाटलं नसतं, आणि मला ते सांगायची लाज वाटली.

जूनच्या शेवटी ती परत गेली, भर पावसात. आता दर शनिवारी फोन येतो. तिकडे रात्र झालेली असते. मागे पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज इतका की तिला ओरडून बोलावं लागतं. वलणी भरली आहे, चादरी तिसऱ्या दिवशीही ओल्या आहेत, चुलीवरच्या दांडीवर भावाच्या मुलांचे गणवेश आहेत, हे सगळं सांगून झालं की ती विचारते, "वाफ येते का गं?"

उन्हाळ्यात वाफ दिसत नाही. हवा उबदार असली की लोट धरत नाही, भिंत नुसती भिंतच दिसते. मी मुलीला कडेवर घेते, फोन कानाशी धरून मागच्या दाराने बाहेर जाते आणि झडपेखाली तळवा धरते. पात्या उचललेल्या असतात. दमट, साबणाच्या वासाची ऊब बोटांवर येते. मुलगीही हात पुढे करते.

"येते," मी ओरडून सांगते.